धुतलेल्या काचेचा आकडा

"बाहेरच्या सगळ्यांचे लेख आले. राहिला तो घरातला," अदिती म्हणाली. "वहिनी, चार पानं कोरी ठेवलीत तुझ्यासाठी. सीताबर्डीचा छापखानावाला संध्याकाळपर्यंतच थांबणार आहे."

कामिनी वाटाणे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "कोरीच जाऊ दे."

अदितीला वाटलं, थट्टा करते आहे. उद्या नानांचं सहस्रचंद्रदर्शन. पुण्याहून ये-जा करत चार महिने तिनं या गौरवग्रंथासाठी लोकांच्या मागे लागून लेख गोळा केले होते. बापावर प्रेम करायचं काम तिनं लांबून केलं होतं, आणि लांबून ते सोपं असतं. जवळ राहून करायचं काम भावाकडं आणि भावजयीकडं होतं. पण ग्रंथ अदितीचा होता. त्यातला मुख्य लेख कामिनीनंच लिहायचा होता, कारण नानांचा आकडा समजणारं या घरात दुसरं कुणी नव्हतं.

'आकडा' म्हटलं की या घरात एकच. एका क्लोराइडची वाफ बंद काचेच्या गोळ्यात तापवली की ती कोणत्या वेगानं तुटते, तो वेग नानांनी, म्हणजे मधुसूदन सरांनी, अठ्ठ्याहत्तर साली नागपुरात बसून मोजला. तो परदेशी हँडबुकात गेला. कचरा जाळणाऱ्या भट्टीतून काय बाहेर पडेल याच्या गणितात तो आजही घालतात. सरांनी आयुष्यात बाकी फारसं काही केलं नाही, आणि या एका आकड्यामुळं कुणी त्यांना ते विचारलंही नाही.

"गंमत पुरे, वहिनी. कधी देतेस?"

"आकडा चुकलाय, अदिती," कामिनी म्हणाली. "मी पुन्हा मोजला. चौथा हिस्साच येतो. माझा पेपर स्वीकारलाय त्यांनी, सोमवारी प्रूफ परत पाठवायचंय. आता त्याच आकड्याची आरती मी कशी लिहू?"

सासूबाई, यमुताई, गॅसपाशी होत्या. त्यांनी दूध उतरवलं, पदराला हात पुसले आणि पहिल्यांदा आतल्या खोलीकडं पाहिलं. दार बंद होतं. नाना दुपारचे झोपले होते.

"चुकला म्हणजे कसा गं?" त्यांनी हळू विचारलं.

"आई, सर दर प्रयोगाआधी गोळा क्रोमिक ॲसिडनं धुवायचे. आम्हालाही तेच शिकवलं. काचेवर बोटाचा ठसा दिसला की आम्हाला लॅबबाहेर काढायचे. पण तशी धुतलेली काच गप्प बसत नाही, ती स्वतःच वाफ तोडते. सरांनी मोजलं ते वायूत होणारं आणि भिंतीवर होणारं, दोन्ही मिळून. मी गोळ्याला आतून काळा थर बसू दिला. मग भिंत मध्ये पडत नाही." तिनं तव्याकडं बोट केलं. "लोखंडी तवा घासून लख्ख करा आणि धिरडं टाका, चिकटतं. मुरलेल्या काळ्या तव्यावर सुटतं. तसंच आहे."

यमुताईंनी तव्याकडं पाहिलं.

"म्हणजे इतकी वर्षं हे चिकटलेलं धिरडं मोजून राहिले होते?"

कामिनीला हसू आलं. अदितीला आलं नाही. "आई! उद्या त्यांचं औक्षण आहे आणि तुला विनोद सुचतात? वहिनी, हे त्यांना कळलं तर ते खचतील. मरतील ते."

*

कामिनीचा नवरा उन्मेष विमा कंपनीत होता. माणसाच्या मरणाचे पैसेसुद्धा किती लांबवता येतात याचा त्याला रोजचा अनुभव होता, म्हणून त्यानं लांबवायचाच मार्ग काढला.

"सहा महिने थांब ना," तो म्हणाला. "पेपर कुठं पळतो का?"

"मुलाखत गुरुवारी आहे, उन्मेष."

ते त्याला माहीत होतं. कामिनीची नोकरी हा या घरातला जुना विषय होता, आणि जुन्या विषयाकडं कुणी नीट बघत नाही. नरखेड तालुक्यातल्या खेड्यातून एसटीनं काटोलला जाऊन बीएस्सी. नागपूरला सरांच्या शेवटच्या बॅचमध्ये एमएस्सी. पुण्याला पीएच.डी. दोन वर्षं जर्मनीत. तिथं राहा म्हणत होते, पण लग्न ठरलं होतं, सरांच्याच मुलाशी. कुणब्याची मुलगी घरात आली तेव्हा नातलगांत आपण किती पुढारलेले आहोत याची चर्चा वर्षभर चालली. तेवढ्यात कामिनी कंत्राटावर लागली. एक प्रकल्प संपला की गेटवर ओळखपत्र जमा करायचं, दुसरा मिळाला की नवं घ्यायचं. तिनं शिकवलेली पोरं कायम झाली आणि तिच्या रजेच्या अर्जावर सह्या करू लागली. वायूंतल्या प्रक्रियांचा वेग मोजणं हे काम कुणाला पटकन दाखवता येत नाही. त्यात चकचकीत यंत्र नसतं. एक भट्टी, एक काचेचा गोळा, एक दाबमापक, आणि दिवसचे दिवस नळ्यांतली गळती शोधणं. आता त्याच प्रयोगशाळेत एक कायमची जागा निघाली होती. वयाची सवलत याच खेपेला होती. बाकीच्या उमेदवारांकडं पेपरांचे ढीग होते. हिच्याकडं हा एक होता. तो हातात असला तर जागा बहुतेक तिची. नसला तर मार्चमध्ये प्रकल्प संपेल आणि ती घरी बसेल.

हे सगळं माहीत असूनही उन्मेष म्हणाला, "तुझ्या नोकरीवाचून आपलं काही अडतं का?"

कामिनीनं वाटाण्याची टोपली बाजूला सारली. उत्तर दिलं ते यमुताईंनी.

"तुझं नाही अडत. तुझं कशानंच अडलं नाही कधी."

"आई, तू नानांच्या बाजूनं आहेस की हिच्या?"

"ॲसिडनं भोकं पडलेले त्यांचे कोट मी रफू केले आहेत, रे. आकड्याचा मानपत्रात उल्लेख आहे, कोटाचा नाही." त्या पुन्हा गॅसकडं वळल्या. "पण उद्याचा दिवस जाऊ दे, कामिनी. एवढं मात्र म्हणीन."

म्हणजे त्यासुद्धा तिकडंच गेल्या. फक्त रस्ता वेगळा घेतला.

*

कामिनीचे वडील रुपराव चार वाजता आले. मागं गाडीवाल्यानं आंबिया बहाराच्या संत्र्यांचे क्रेट उतरवले. व्याही म्हणून त्यांचा मान होता, पण ते या घरात अजून सोफ्याच्या कडेवरच बसत. कामिनीनं पाणी दिलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बापाशी बोलताना तिची जीभ आपोआप गावाकडं वळायची.

"मंग? तू काय ठरवलं?"

"छापतो म्हणतो, बाबा. खरं आहे ते."

रुपरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांना तो दिवस आठवत होता. कामिनीसाठी खाप्याचा पोरगा पाहून ठेवला होता, सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. आणि हा गोरापान मास्तर, इस्त्रीच्या कपड्यांत, एसटीतून उतरून धुराळ्यात चालत मळ्यात आला. मोटारपंपाच्या आवाजात ओरडून म्हणाला, रुपराव, ही मुलगी मला द्या, केमिस्ट्रीसाठी. अशी मागणी कुणी कधी घातली नव्हती. रुपराव चकित होऊन हो म्हणाले. तेव्हापासून ते या माणसापुढं वाकलेले होते आणि वाकून राहण्यात त्यांना काही वाईट वाटत नव्हतं.

"खरं असन," ते म्हणाले. "पण ज्या माणसानं तुले तराजू हाती देला, त्यालेच पहिले तोलतं का वं तू? थांब थोडी. नोकरी नाई लागली त नाई लागली. आपल्या घरी का कमी आहे?"

"तुमीबी तेच म्हणून राहिले, बाबा?"

"म्हातारा माणूस हाय, बाई."

कामिनीनं सगळ्यांकडं एकदा पाहिलं. नवरा, नणंद, सासू, बाप. चौघंही मऊ बोलत होते. कुणीही तिला तू चुकतेस असं म्हणत नव्हतं. ती बरोबर आहे हे सगळ्यांना मान्यच होतं, आणि म्हणूनच तिनं गप्प बसावं असा आग्रह होता. तिनं मोबाइल घेतला. संपादकाला लिहायला लागली: घरगुती कारणामुळं प्रूफ परत करायला वेळ लागेल.

अदितीनं सुस्कारा सोडला. उन्मेषनं चहा मागितला.

रुपरावांचं मन मात्र भरून आलं होतं. ज्याच्यासाठी पोरीनं एवढं सोडलं, त्याच्या पाया पडून यावं, असं त्यांना वाटलं. ते उठले आणि कुणी अडवायच्या आत आतल्या खोलीत गेले.

*

मधुसूदन सर जागेच होते. रुपरावांनी पायाला हात लावला आणि तिथंच म्हणाले, "सर, पोरगी लहान हाय. आकड्याचं काई बोलली असन त पोटात घाला. ते छापत नाई आता. म्या समजावलं तिले."

"कुठल्या आकड्याचं?" सरांनी विचारलं.

रुपरावांना आपण काय केलं ते कळलं. पण तोंडातून निघालेलं परत घेता येत नाही, आणि सरांपुढं खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

"कामिनी!"

इतका मोठा आवाज या घरात बऱ्याच वर्षांत निघाला नव्हता. सगळे दारात जमले. अदितीनं बीपीचं यंत्रसुद्धा आणलं. सर पलंगावर ताठ बसले होते. पिवळट चेहऱ्यावर रंग चढला होता. त्यांनी लेकीला हातानंच गप्प केलं.

"काय मोजलंस?"

कामिनीनं सांगितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ती त्यांना सरच म्हणायची, आणि आताही ती पलंगाच्या पायथ्याशी तशीच उभी होती, तोंडी परीक्षेला उभं राहतात तशी.

"गोळ्यात काचेच्या नळ्या भरून पाहिल्यास? भिंत वाढवून?"

"पाहिल्या सर. धुतलेल्या नळ्या भरल्या की वेग कितीतरी वाढतो. काळ्या भरल्या तर फरक नाही."

"मी भरल्या नव्हत्या."

"नाही सर. तुमच्या पेपरात वाक्य आहे. भांडे पूर्णपणे स्वच्छ असल्याने भिंतीचा परिणाम विचारात घेतलेला नाही."

खोलीत बाकी कुणालाच या वाक्यात काय आहे ते कळलं नाही. त्या दोघांना कळलं. आपलं आयुष्य ज्या गोष्टीवर उभं आहे तीच बोट दाखवून चूक ठरवली जाते आहे हे सरांच्या ध्यानात आलं, आणि माणूस अशा वेळी जवळ जे असेल ते फेकून मारतो. त्यांच्याजवळ फार जुनं काहीतरी होतं.

"काळ्यामळकट भांड्यात तुमच्याकडं भागत असेल," ते म्हणाले. "माझ्या प्रयोगशाळेत असला गलिच्छपणा चालत नव्हता. पाटावर बसवलं म्हणून सोवळं कळतं असं नाही."

यमुताईंनी डोळे मिटून घेतले. उन्मेष "नाना..." म्हणाला. या घराच्या पुढारलेपणात या प्रसंगासाठी वाक्य तयार नव्हतं.

रुपरावांनी टोपी डोक्यावर ठेवली. वाकलेली पाठ सरळ केली, आणि कामिनीनं बापाला इतकं उंच कधी पाहिलं नव्हतं.

"कामिने," ते म्हणाले, "छाप वं ते. आजच्या आज छाप."

"बाबा, अहो, ते बोलायच्या ओघात..." उन्मेष म्हणाला.

"ओघातच खरं निंघते, जावाई."

"अहो, चुकलात तुम्ही," यमुताई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याला चारचौघांत असं म्हटलं. "आणि मी आकड्याबद्दल बोलत नाही."

सर कुणाकडंच बघत नव्हते. ते छताकडं बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. कामिनीला तो चेहरा ओळखीचा होता. हे रागावणं नव्हतं. हा माणूस गणित करत होता.

"प्रोपीन," ते अचानक म्हणाले. "काच काहीच करत नसेल. वायूतच साखळी चालत असेल, एकामुळं दुसरा रेणू तुटण्याची. तुझा काळा थर ती साखळी तोडत असेल. म्हणजे माझा वेग खरा, तुझा थर खोटा. प्रोपीन वायू घातला की साखळी तुटते. धुतलेल्या गोळ्यात घालून पाहिलंस? वेग खाली आला तर मी बरोबर."

"पाहिलं सर. वेग तसाच राहिला."

"किती तापमानांना?"

कामिनीनं मान खाली घातली.

"किती?"

"एका."

"एका!" सरांना हसू फुटलं, आणि ते चांगलं हसू नव्हतं. "आणि एवढ्यावर मला पुसायला निघालीस? वरच्या तापमानाला साखळी सुरू होत असली तर? पेपर तपासणाऱ्यांनी विचारलं नाही? गाढवं आहेत. तो पेपर अर्धा आहे. जा."

*

बाहेर अंगणात कामिनीनं स्कूटीची किल्ली शोधली. उन्मेष मागोमाग आला. तो खरोखर घाबरला होता. ती घर सोडून निघाली असं त्याला वाटत होतं.

"माहेरी चाललीस?"

"लॅबमध्ये. गोळे धुवायचेत. आज भट्टी लावली तर सकाळी वरची दोन तापमानं होतील."

"म्हणजे? एवढं ऐकून घेऊन तू त्यांनी सांगितलं तेच करणार?"

"त्यांनी विचारलं ते बरोबर विचारलं. तपासणाऱ्यांना नाही सुचलं, मला नाही सुचलं." ती हेल्मेट घालत म्हणाली. "अपमान वेगळा, प्रोपीन वेगळं."

"पण आता तर तुझे बाबाही म्हणतात छाप. सगळेच म्हणतील. पाठवून मोकळी हो ना, गुरुवारी मुलाखत आहे."

"मघाशी सगळे थांब म्हणत होते. आता रागानं छाप म्हणताहेत. दोन्ही वेळा आकडा कुणाच्याच डोक्यात नव्हता, उन्मेष. एका तापमानाचं छापलं आणि ते बरोबर निघाले, तर नोकरी खोट्या पेपरवर लागली असं होईल. मग मी त्यांच्यापेक्षा वाईट. त्यांना निदान माहीत तरी नव्हतं."

"उद्या औक्षणाला येशील ना?"

तिनं स्कूटी सुरू केली. उन्मेषनं पहिल्यांदा पुढं होऊन फाटक उघडलं. तेवढं तरी त्याला जमलं.

*

दुसऱ्या दिवशी मंगल कार्यालयात दिव्यांची ताटं मांडली जात होती तेव्हा कामिनी प्रयोगशाळेत स्टुलावर बसली होती. रुपराव कार्यक्रमाला गेले नव्हते. सुरक्षारक्षकाशी हुज्जत घालून ते आत आले होते आणि भट्टीपासून लांब, भिंतीला टेकून बसले होते.

गोळा तिनं सरांच्याच पद्धतीनं धुतला होता. ॲसिड, पाणी, पुन्हा ॲसिड, पुन्हा पाणी, हात न लावता सुकवणं. तिच्या हातांना ते पाठ होतं. वाफ सोडली, प्रोपीन सोडलं, आणि दाब चढू लागला. वेग कमी झाला असता तर पेपर मागं घ्यावा लागला असता आणि गुरुवारी कोरे हात. ती आकडे टिपत होती. रुपरावांना त्यातलं काही कळत नव्हतं. ते फक्त पोरीच्या मानेकडं बघत होते. ती ताठ होती, मग जरा खाली आली, मग पुन्हा ताठ झाली.

पहिलं तापमान झालं. भट्टी वर नेली. दुसरं झालं. तिनं रेघ काढून पाहिली आणि पेन खाली ठेवलं.

फोन वाजला. उन्मेष. मागं भटजींचा आवाज आणि बायकांचा गलका.

"नाना पाटावरून उठायला तयार नाहीत आणि बसायलाही तयार नाहीत. दर पाच मिनिटांनी विचारताहेत काय आलं. अदिती रडते आहे. सांगू काय त्यांना?"

"फरक नाही पडला म्हणावं."

तिकडं कुजबुज झाली. मग फोन हिसकावल्यासारखा आवाज आला.

"दोन्ही तापमानांना?" सरांनी विचारलं.

"दोन्ही, सर. प्रोपीन घालूनही वेग तोच. साखळी नाही. काचच आहे."

तिकडं कुणीतरी म्हणालं, नाना, दिवे विझताहेत. 

"दोन्ही तापमानं टाक कोष्टकात," सर म्हणाले. "एकच टाकू नकोस. माझा आकडा चुकला."

"हो सर."

ती थांबली. कालचं सोवळ्याचं वाक्य मध्ये पडलेलं होतं आणि ते उचलायचं काम तिचं नव्हतं. सरही थांबले होते. मग तिकडून फोन बंद झाला.

कामिनीनं कोष्टक भरलं, संपादकाला पत्र लिहिलं. आभाराच्या जागी तिनं एक ओळ घातली: प्रोपीनची चाचणी सुचवल्याबद्दल प्रा. मधुसूदन यांचे आभार. ती ओळ तिनं दोनदा वाचली. त्यात खोटं काही नव्हतं, आणि जास्तही काही नव्हतं. पाठवून दिलं.

"काय म्हणे सर?" रुपरावांनी विचारलं.

"आकडा चुकला म्हणे."

"अन् बाकीचं?"

"बाकीचं काई नाई म्हणाले, बाबा."

रुपराव उठले. "मंग तिथं जेवाले जाचं नाई आपल्याले," ते म्हणाले. "गुरुवारची नोकरी लागो का न लागो."

"नाई जाचं," कामिनी म्हणाली, आणि कुणी न विचारलेल्या तिसऱ्या तापमानासाठी भट्टीचं बटण वर केलं.